अंगावरचा टाका

कांद्याच्या रंगाचं कापड मिळणं सोपं नसतं. कुणी म्हणेल, त्यात काय, गुलाबी घ्यायचं. पण गुलाबी म्हणजे कांदा नव्हे. आमच्या शिरूर-दौंडकडच्या कुठल्याही माणसाला विचारा. कांद्याला वरून तांबूस झाक असते, आत जांभळ्या शिरा असतात आणि मुळाकडं तो पांढरा पडत जातो. हे सगळं एका कापडात हवं म्हणून मी शिरूरची बाजारपेठ पालथी घातली. शेवटी एका दुकानदारानं वैतागून वरच्या फळीवरून नेटचा एक जुना तागा ओढला आणि म्हणाला, "मॅडम, ह्यो बघा, न्हाईतर सरळ मार्केट यार्डात जाऊन पोरीला गोणीत भरा." तागा मला हवा होता तस्सा निघाला.

पोरगी म्हणजे माझी भाची, सायली. माझा धाकटा भाऊ रविराज वरवंडला असतो, त्याची मुलगी. शाळेच्या गॅदरिंगला तिच्या वर्गानं भाज्यांचा नाच बसवला होता. कुणी वांगं, कुणी गाजर, कुणी भेंडी, आणि ही कांदा. तिला टोमॅटो व्हायचं होतं, त्यावरून घरात रडारड झाली. मी फोनवर तिला म्हणाले, "सायले, असा कांदा करते तुझा, की टोमॅटोच्या डोळ्यांत पाणी येईल." मग ती हसली.

मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाड्यांना लागणारे बारके भाग मापात आहेत की नाहीत, एवढंच दिवसभर बघायचं. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत. या नोकरीनं मला एक खोड लावली आहे, जे मापात बसतं तेवढंच खरं मानायचं. शिवणकाम हा माझा छंद. बारशाला टोपडं-कुंची, कुणाच्या लेकीच्या रुखवतात ठेवायला कापडाचं तुळशीवृंदावन, बरोबरच्यांच्या पोरांना गॅदरिंगचे ड्रेस, असं काहीबाही चालू असतं. दुकानातून आणलेली भेटवस्तू मी आजवर कुणाच्या हातात ठेवलेली नाही. कारखान्यात मला मागून 'टेलर मॅडम' म्हणतात, ते मला माहीत आहे आणि आवडतंही.

शिरूरला मी एकटी राहते. लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सायलीत माझा जीव अडकलेला आहे हे मात्र सरळ सांगून टाकते. ती चालायला लागली ती माझं बोट धरून, आणि तिच्या अंगावरचं बहुतेक कापड माझ्या मशीनखालून गेलेलं आहे.

कांदा छान जमला. आत पांढरं सॅटिन, त्यावर नेटचे थर, गिरकी घेतली की एकेक थर सुटून पसरायचा. डोक्यावर तारेत बसवलेली हिरवी पात. गॅदरिंगच्या दिवशी सगळं पिशवीत घालून मी स्कूटर काढली. न्हावरा, पारगावचा भीमेवरचा पूल, केडगाव चौफुला आणि वरवंड. नेहमीचा रस्ता. दोन्ही बाजूंना उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागं धूळ.

कार्यक्रम दुपारचा होता. स्टेजशेजारचा वर्ग रंगपटासाठी दिलेला. पावडरचा वास, पोरांचा कलकलाट, खिडकीतून डोकावणारे बाप. सायलीच्या पाठीची चेन मी वर ओढली आणि ती मध्येच दात सोडून उघडी पडली. चेन मी स्वतः तपासून लावली होती. पण स्टेजवर वांगं नाचायला लागलं होतं आणि त्याच्यानंतर कांद्याचाच नंबर होता. सुईदोरा जवळ होताच. ड्रेस तिच्या अंगावरच शिवून टाकायचा, एवढाच मार्ग होता.

आमच्या घरात याला एक रीत आहे. अंगात घातलेला कपडा अंगावरच शिवायचा नाही. अगदीच वेळ आली तर घालणाऱ्यानं दातांत दोरा धरायचा आणि गाठ पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कारण असं सांगतात, की अंगावर कपडा शिवतात तो फक्त मेलेल्या माणसाच्या. दातांत दोरा दिसला की बघणाऱ्याला कळतं, हे माणूस जिवंत आहे. "बघणारा कोण?" असं मी लहानपणी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "त्ये मला काय ठावं? धर म्हटलं की धरायचा, सुषे."

माझा यावर विश्वास नाही. पण हाताला सवय असते. मी दोऱ्याचा तुकडा तोडून सायलीच्या दातांत दिला, तिच्या पाठीशी गुडघ्यांवर बसले, टाचण्या ओठांत धरल्या आणि खालून वर टाके घालत निघाले. ती शहाण्यासारखी उभी होती. मी पाठीच्या मध्यावर आले असेन, तेवढ्यात ती खणखणीत म्हणाली, "ओ! आले, आत्या!"

दोरा खाली पडला.

मी टाचण्या हातात घेतल्या. "काय आले? सरळ उभी राहा."

"तूच हाक मारलीस की."

"माझ्या तोंडात टाचण्या होत्या, बाई. हाक कशी मारणार?"

तिनं क्षणभर विचार केला. "मग दारातनं मारली असशील," ती म्हणाली. पोरांचं तर्कशास्त्र असतं तसं. मी दाराकडं बघितलं. तिथं एक शिक्षिका गाजराला लिपस्टिक लावत होती. बाहेर कांद्याचं नाव पुकारलं. पडलेला दोरा शोधायला वेळ नव्हता. उरलेले टाके मी भराभर घातले, गाठ मारली, आणि कांदा पळत स्टेजवर गेला. टाळ्या पडल्या. टोमॅटो रडला नाही, पण त्याच्या आईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी जेवताना मी हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. आई रविराजकडंच असते. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"तिनं ओ दिली?"

"दिली."

"गाठ पडायच्या आदी?"

"आई, पोरगी दहा दिशांना बघत होती. कुणीतरी कुणाला तरी हाक मारली असेल."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, आणि त्या दिवशी सायलीला तिनं स्वतःच्या ताटात घेऊन जेवू घातलं.

नवं वर्ष लागलं. मी कारखान्यात असताना एका दुपारी सविताचा फोन आला. सविता म्हणजे रविराजची बायको. "वन्सं, तुमी गावात आलाय का?"

"नाही गं. कंपनीत आहे. का?"

"सायली चप्पल घालून दारात उभी हाय. म्हणती, आत्या भाईर बोलावती." आम्ही दोघी हसलो. आत्याचं वेड लागलंय पोरीला, असं सविता म्हणाली, आणि खोटं कशाला सांगू, मला बरंही वाटलं.

मग ते वाढत गेलं. जेवता जेवता ती ओ द्यायची आणि पानावरून उठायची. अभ्यास करताना मध्येच मान वर करायची. रविराजनं एकदा रागावून विचारलं तर म्हणाली, "पप्पा, आत्या किती येळ हाका मारती, तुमाला कसं ऐकू येत न्हाई?" हे सगळं मला फोनवर कळत होतं आणि मी त्याला नाव देत होते. एकटं मूल आहे. आत्या लांब राहते. मुलं कल्पना करतात.

एका रविवारी मी वरवंडला गेले तर सारजाबाई अंगणात बसलेल्या. शेजारच्या म्हाताऱ्या, कॅनलच्या कडेनं शेळ्या चारतात. सविता रडून बसली होती. कॅनलला आवर्तन सुटलेलं, पाणी काठोकाठ, आणि सारजाबाईंनी सायलीला आदल्या दिवशी तिथून हाताला धरून आणलं होतं.

"पार पान्याच्या कडंला हुती," सारजाबाई म्हणाल्या. "म्या म्हटलं, कुठं गं? तर म्हणली, आत्या पल्याड हाय, बोलावती. म्या पल्याड बगितलं. कुनी न्हवतं बया. नुसता ऊस."

"तुम्हाला काही ऐकू आलं का?" मी विचारलं.

सारजाबाईंनी शेळीचं दावं उगाच ओढलं. "मला आताशा कमी ऐकू येतं," त्या म्हणाल्या. माझ्याकडं न बघता उठल्या आणि गेल्या.

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. भुताची नाही, पाण्याची. कॅनलच्या भिंती सिमेंटच्या, निसरड्या. मोठा माणूसही त्यातून सहज वर येत नाही. मी सायलीला मांडीवर घेतलं आणि शांतपणे विचारायला बसले.

"हाक कशी असते गं?"

"तुझ्यावाणीच. तू न्हाई का 'सायले' म्हणतीस, ले लांबवून. तशी."

"आणि मी काय सांगते?"

"काय न्हाई. नुसती हाक. मी ओ दिली की थांबती."

"मग?"

"मग परत मारती. जरा लांबनं."

सविता तोंडाला पदर लावून आत गेली. मी सायलीच्या केसांतून हात फिरवत राहिले.

कानात आवाज येत असतील तर त्याला डॉक्टर असतात. मी रजा टाकली. दौंडच्या एका कानाच्या दवाखान्यात आम्ही तिला घेऊन गेलो, मी आणि सविता. तिथं काचेची खिडकी असलेली एक बंद खोली होती. सायली आत बसली, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर यंत्रापाशी धम्मदीप नावाचा तंत्रज्ञ बसला होता, नम्र माणूस. आम्ही दोघी भिंतीकडच्या बाकावर. तो एकेक आवाज सोडत होता, ती बटण दाबत होती, यंत्रावर दिवा लागत होता. सगळं इतकं नीटनेटकं चाललं होतं, की मला कारखान्यातल्यासारखं वाटून जरा धीर आला.

मग काचेपलीकडं सायलीचं तोंड हललं. मला ऐकू आलं नाही, पण त्या तोंडाचा आकार मला ओळखीचा होता.

धम्मदीप मागं वळला. "मॅडम, प्लीज," तो म्हणाला, "टेस्ट चालू असताना पेशंटला हाक मारू नका. रीडिंग चुकतं."

मी त्याच्याकडं बघत राहिले. "मी हाक मारली?"

"आत्ताच मारलीत ना. सायले म्हणून." मग त्याचं त्यालाच काहीतरी लक्षात आलं. उठून त्यानं खोलीच्या दाराचं रबर बोटानं दाबून बघितलं. "तसं आत ऐकू जायला नको खरं तर," तो स्वतःशी पुटपुटला.

सविता माझ्या अगदी खेटून बसली होती. मी तोंड उघडलं नव्हतं हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं माझं मनगट धरलं ते दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत सोडलं नाही. तपासणी व्यवस्थित निघाली. पोरीचे कान उत्तम आहेत, असं डॉक्टर म्हणाले.

कारखान्यात कधी कधी एकसारखी खूण असलेले दोन वेगळे भाग एकाच ट्रेमध्ये येतात. आम्ही घाबरत नाही. एकाची खूण बदलून टाकतो, म्हणजे गफलत होत नाही. परत येताना रिक्षात मी तेच केलं. सायलीला सांगितलं, "आजपासून मी तुला हाक मारणार नाही. कधीच नाही. समोरून नाही, लांबून नाही, फोनवरही नाही. मी असले की जवळ येईन आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवीन. माझ्या आवाजात कुणी हाक मारली तर ती मी नाही. ओ द्यायची नाही, जागेवरून हलायचं नाही."

"फोनवर बी न्हाई बोलायचं?"

"नाही."

तिचा चेहरा उतरला. पण नियम साधा होता आणि साधा नियम टिकतो, हा माझा अनुभव आहे.

नियम लागू पडला. सविता कळवायची, "ऐकू येतं म्हणती, वन्सं. पन ओ देत न्हाई. गप बसून राहती." मी गेले की गुपचूप मागून जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवायचे. ती वळून मला मिठी मारायची. तेवढ्यावर मी आठवडा काढायचे.

आईचं मात्र समाधान होत नव्हतं. "त्ये अर्धवट राहिलंय," ती सारखी म्हणायची. "पुरं कर. तसंच अंगावर शीव, तसाच दोरा धराय लाव. ह्या टायमाला गाठ पडंस्तवर गप ऱ्हाऊ द्या."

मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर दवाखान्यातल्या त्या दुपारनंतर माझ्याकडं वाद घालण्यासारखं फार काही उरलं नव्हतं.

रविवारी दुपारी माजघरात सायलीला पुन्हा कांदा केलं. पाठीची शिवण उसवून ठेवली होती. सविता आणि रविराज मळ्यात होते. आई स्वयंपाकघरात, दार लोटून, आपणही बोलायचं नाही असं ठरवून बसली होती. सायलीनं दोरा दातांत घट्ट धरला. या वेळी मीही धरला, चुकून आवाज जायला नको म्हणून.

मी खालून सुरुवात केली. दूर कुठंतरी मोटर चालू होती. सुई नेटमधून जाताना बारीक खरखर येत होती. बाकी काही नाही.

निम्मी शिवण झाली तेव्हा स्वयंपाकघरातून आईचा दबका आवाज आला. "सुषे, अगं तिला बोलू नगं. गाठ पडू दे."

माझ्या दातांत दोरा होता. मी काहीही बोलले नव्हते.

सायलीचे खांदे थरथरले. तिनं दोरा सोडला नाही. मी पुढचा टाका घातला, त्याच्या पुढचा घातला.

"पानी व्हय?" आई म्हणाली. "माठात हाय की. घे."

मी मान वर केली नाही. टाका, टाका, आणखी एक. मानेपाशी आले, गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली, आणि दोरा कापला. सायलीनं तोंडातला दोरा माझ्या तळहातावर ठेवला आणि रडायला लागली. मी तिला तशीच कवटाळून बसले. मग उठून स्वयंपाकघराचं दार ढकललं.

आई चुलीकडं तोंड करून बसली होती. माठावरचं झाकण बाजूला होतं.

"पिलीस का पानी?" तिनं न वळता विचारलं.

मी "हो" म्हणाले. का म्हणाले ते मला अजून नीट सांगता येत नाही. म्हातारीला घाबरवायचं नव्हतं, एवढंच त्या वेळी मनात होतं.

त्यानंतर सगळं थांबलं. सायलीला हाक ऐकू येईना. पानावरून उठणं नाही, दारात उभं राहणं नाही. रंग सुधारला, शाळेत लक्ष लागलं. रविराजनं खंडोबाला नारळ फोडला. मी नियम मात्र सोडला नाही. एकदा बसलेली गोष्ट लगेच सैल करायची नसते. हाक नाही, फोन नाही. मार्चमध्ये कारखान्यात ऑडिट आलं आणि माझे रविवारही तिकडंच जायला लागले. वरवंडला जाणं होईना. सविताचे फोन कमी झाले, म्हणजे तिकडं सगळं ठीक असणार, असं मी धरून चालले.

सायलीचा वाढदिवस जवळ आला होता. तिच्यासाठी मी पिवळ्या कॉटनचा फ्रॉक शिवायला घेतला. माप विचारायला सविताला फोन लावला.

"आता गं काय राहिलं, वन्सं?" ती हसत म्हणाली. "आत्ताच तर सगळं बोललो की आपन."

"कधी?"

"लई काम करू नका," सविता म्हणाली आणि मागं कुणाशी तरी बोलत फोन ठेवून दिला. मी माझा मोबाइल तपासला. माझ्याकडून कॉल गेलेला नव्हता, तिच्याकडून आलेला नव्हता. मी अंदाजानंच फ्रॉक पुरा केला, कागदात गुंडाळला आणि ऑडिट तसंच सोडून स्कूटर काढली.

पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दार उघडं होतं. सायली ओट्यावर पालथी पडून चित्र रंगवत होती. मी नियमाप्रमाणं आवाज न करता मागून गेले, वाकले, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ती दचकून बाजूला सरकली.

वर बघितलं. माझ्या चेहऱ्यावरून तिची नजर नीट फिरली.

"कोन पायजे?" तिनं विचारलं.

"अगं, मी," मी म्हणाले.

ती हसली. घरी पाहुणा आला की मुलं हसतात, तशी. मग उठून बसली आणि फ्रॉक गुडघ्यांवर सारखा केला. निळा होता. नवा. मी तो कधी बघितला नव्हता. पण घेराच्या दुमडीवर बारीक, किंचित तिरके टाके होते, आणि दर वितीला एक टाका दुहेरी. असं फक्त मी करते. कारखान्यात शेकडो भागांतून एक वेगळा ओळखण्याचा पगार मी घेते. तो टाका माझ्या हातचा होता.

"कुणी शिवला?"

"आत्यानं."

मी पुडकं पुढं केलं. तिनं ते शिस्तीत उघडलं, पिवळा फ्रॉक वर धरून बघितला.

"छान हाय," ती म्हणाली. "आमच्या आत्याला बी येतं असं."

आत आई हसली. "सुषे, सुईत दोरा ववून दे गं मला. दिसंना झालंय." थोडा वेळ गेला. "हां," आई म्हणाली. "आता कसं."

इतक्या दिवसांत जे केलं नव्हतं ते मी केलं. मोठ्यानं, ले लांबवून हाक मारली, "सायले!"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तिची मान आतल्या खोलीकडं वळली.

"ओ! आले!"

पिवळा फ्रॉक तिनं नीट घडी करून माझ्या हातात ठेवला आणि उभी राहिली.

"आत्या आत बोलावती," ती म्हणाली. "तुमी बसा, मी आलेच."

मी बसले.